पाच गुणिले दोन

मी आठवीला गणित शिकवते. ‘पृष्ठफळ व घनफळ’ हे प्रकरण माझं तोंडपाठ आहे. इष्टिकाचितीचं एकूण पृष्ठफळ काढताना दरवर्षी निम्मा वर्ग खालची बाजू विसरतो आणि मी दरवर्षी लाल पेनानं त्यांच्या वहीत लिहिते, ‘तळ कुठे गेला?’ हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कीव करणार नाही.

गोष्ट एका दाराची आहे. माझं आजोळ सास्तूरकडचं. तो भाग आता लोहारा तालुक्यात येतो, तेव्हा उमरग्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, मामा दमून अंगणातच बाजेवर पडला होता, म्हणून राहिला. आजोबा आत होते. आजोळचं घर सात खणांचं माळवद. शहरातल्या वाचकांसाठी सांगते : दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि आमच्याकडं घराचा आकार खणांत सांगतात, चौरस फुटांत नाही. भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच फूट रुंद. वर किलचनावर, म्हणजे तुळयांवर आडव्या टाकलेल्या लाकडांवर, पांढऱ्या मातीचा थर, दर उन्हाळ्यात थोडा वाढवलेला. जीव घेतला तो त्या दगडांनी आणि मातीनं. पुष्कळ घरांत भिंती ढासळल्या तरी लाकडी खांब आणि तुळया उभ्याच होत्या. पुढं गावं नव्या जागी वसली, घरं सिमेंटची झाली आणि जुनं लाकूड कुणी विकलं, कुणी जाळलं. मामानं आमच्या ओसरीचं दार आणि बाभळीची एक तुळई नव्या घराच्या मागं पत्र्याखाली ठेवली. तीस वर्षं तिच्यावर कोंबड्या बसत होत्या.

दोन वर्षांपूर्वी मामानं ते लाकूड टेम्पोत घालून आमच्याकडं धाराशिवला पाठवलं. “तुमच्याकडं जागा हाय. कायतरी कर त्याचं.” दार सागवानी, दोन फळ्यांचं, पाच फूट उंच. माळवदाची दारं बुटकीच असायची, वाकूनच आत जायचं. मी ठरवलं, व्हरांड्यात बंगई, म्हणजे झोपाळा, करायची. दाराची बसायची फळी होईल, तुळईतून पाठ, हात आणि पाय निघतील.

सुतारकाम मिस्त्रींनी केलं. साठीचे असतील, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. पॉलिश मात्र मी करणार म्हटलं. मे महिन्याची सुट्टी होती, हौस होती आणि मजुरी वाचणार होती. तिन्ही कारणं खरी, पण तिसरं जरा जास्त खरं.

“करा की,” मिस्त्री म्हणाले. “किती आणायचं ते बी तुमीच काढा. तुमचं गणित हाय.”

मी टेप घेतला. बैठक पाच फूट बाय दोन फूट. पाच गुणिले दोन, दहा चौरस फूट. दुकानात जाऊन गडद सागवानी रंगाच्या स्टेनचा डबा हातात घेतला. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एक लिटर दहा चौरस मीटरला पुरतं. दहा चौरस मीटर म्हणजे जवळपास १०८ चौरस फूट. माझे तर दहाच! म्हणजे एका हाताला शंभर मिलिलिटरसुद्धा नको. (‘हात’ म्हणजे इथं एक थर, पॉलिशवाले ‘दोन हात मारा’, ‘तीन हात मारा’ असंच म्हणतात.) दोन हात मारले तरी दोनशे. मी अर्ध्या लिटरचा डबा घेतला आणि वर दुकानदाराला ऐकवलं, “अर्धं उरेल, देवघराच्या चौरंगाला होईल.” त्यानं गल्ल्यातून सुटे पैसे काढता काढता माझ्याकडं पाहिलं, काही बोलला नाही. दुकानदार बोलत नाहीत तेव्हा त्यांना सगळं ठाऊक असतं, असं माझं आता मत झालं आहे.

घरी आल्यावर रितीप्रमाणं आधी घासलं. ८० नंबरचा पॉलिश पेपर, खरखरीत. तीस वर्षांची धूळ, कोंबड्यांची घाण, त्याखाली धुराचा काळा थर आणि त्याच्याही खाली एकदम मध रंगाचं सागवान. ते पाहून इतका आनंद झाला की पुढचे १२०, १८० नंबरचे पेपर मी घेतलेच नाहीत. लाकूड दिसलं, झालं की!

पाठीच्या गोल दांड्यांपासून सुरुवात केली. नऊ दांडे. ते किचकट काम आधी उरकू, मग सपाट फळी म्हणजे काय, दहा मिनिटांचा खेळ. दांड्यांवरून स्टेन ओघळत होता, खालच्या वर्तमानपत्रावर थेंब पडत होते, माझ्या कोपरापर्यंत आला होता. दांडे झाले, वरच्या-खालच्या पट्ट्या झाल्या, हात झाले, चारही पाय झाले. डबा हलवून पाहिला तर आत खळखळ वाजलं. भरल्या डब्यातून असा आवाज येत नाही.

मग बैठकीवर आले. कापडाचा बोळा बुडवून दाराच्या पहिल्या फळीवर फिरवला आणि घाबरलेच. स्टेन पसरतच नव्हता. लावला की गायब. वैशाखात भेगाळलेल्या काळ्या रानात तांब्याभर पाणी ओतावं, तसं. पहिली फळी कशीबशी पूर्ण झाली. दुसरी हातभर झाली आणि कापड कोरडं पडलं. डबा उपडा केला. दोन थेंब पडले.

आता शाळेत शिकवत नाहीत अशी एक गोष्ट सांगते, जी तेव्हा मीही शिकले नव्हते. डबा मध्येच संपला तर जिथं थांबलो तिथं कड वाळते. नंतर तिथून पुढं सुरू केलं की त्या जागी रंग दोनदा चढतो आणि गडद रेघ उमटते. शिवाय दुसरा डबा त्याच नावाचा, त्याच रंगाचा आणला तरी दोन वेगवेगळ्या खेपांच्या रंगांत थोडा फरक पडू शकतो. मी संध्याकाळी धावत जाऊन दुसरा डबा आणला, राहिलेलं रंगवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात पाहिलं तर बंगईवर एक फळी एका जातीची, दुसरी दुसऱ्या जातीची, आणि मधे हातभर अंतरावर एक आडवी काळी पट्टी. नवरा चहाचा कप घेऊन आला, बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “डिझाइन आहे का?”

मिस्त्रींना फोन केला. आले. त्यांनी आधी डब्याकडं पाहिलं नाही, बंगईकडंही नाही. वही मागितली. माझं ‘५ × २ = १०’ पाहिलं आणि बैठक उलटी केली.

“मॅडम, ही बाजू कुटं गेली?”

मी खाली पाहत राहिले. लाल पेन माझ्याकडं होता, म्हणून काय झालं!

त्यांनी मला पुन्हा मोजायला लावलं, आणि हे मोजणं मला आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. बैठक वरून-खालून मिळून वीस चौरस फूट. चारही कडा : परिमिती चौदा फूट, जाडी दीड इंच, म्हणजे पावणेदोन. पाठीच्या दोन आडव्या पट्ट्या, पाच-पाच फूट, छेद तीन इंच बाय दोन इंच. त्यांच्या सभोवती दोरी गुंडाळली तर दहा इंच भरते, म्हणजे दोन्ही मिळून आठ पूर्णांक एक तृतीयांश. दोन हात तीन पूर्णांक एक तृतीयांश. चार पाय, दीड-दीड फूट, पाच. आणि ते नऊ दांडे! प्रत्येक सव्वा फूट लांब, दीड इंच व्यासाचा. वृत्तचितीचं वक्रपृष्ठफळ. दोन पाय आर एच. माझा सगळ्यात आवडता भाग, आणि मला तो सुचलाच नव्हता. एका दांड्याचा अर्धा चौरस फूट, नवांचे जवळपास साडेचार. एकूण भरले त्रेचाळीस. मी दहा धरले होते.

“बरं, त्रेचाळीस,” मी म्हटलं. “आता डब्यावरच्या आकड्यानं भागते.”

“तो आकडा काचंचा हाय,” मिस्त्री म्हणाले.

डबा नीट वाचला. त्या आकड्याशेजारी खरंच लिहिलं होतं, गुळगुळीत, न शोषणाऱ्या पृष्ठभागावर. एक लिटर द्रव दहा चौरस मीटरवर सारखा पसरला तर थराची जाडी येते एक दशांश मिलिमीटर, वहीच्या एका पानाएवढी. हा हिशोब थर वरच राहिला तर बरोबर आहे. लाकडावर तो वर राहत नाही. लाकूड म्हणजे नळ्यांची मोळी. मिस्त्री म्हणाले, कडब्याची पेंढी डोळ्यासमोर आणा. पेंढीच्या बाजूला पाणी टाकलं तर ओघळून जातं, कापलेल्या टोकाकडून ओतलं तर आत जातं. फळीची जी बाजू आडवी कापलेली असते, तिथं या नळ्यांची तोंडं उघडी असतात, आणि ती बाजू सपाट बाजूच्या कितीतरी पट पिते. शिवाय माझं दार जुनं, कोरडं, खिळ्यांच्या भोकांनी भरलेलं. आणि मी ते फक्त ८० नंबरनं घासून सोडलेलं, म्हणजे खरखर जितकी जास्त तितका पृष्ठभागही जास्त. इष्टिकाचितीच्या सूत्रात खरखर बसत नाही.

“मग किती लागेल ते कळायचं कसं?”

त्यांनी माझ्या मुलाचं खोकल्याचं औषध मागितलं. बाटली नको, टोपण. त्या पारदर्शक टोपणावर अडीच, पाच, दहा मिलिलिटरच्या रेघा असतात. बैठकीच्या खालच्या बाजूला, जिथं मी रंगच लावला नव्हता, तिथं त्यांनी पेन्सिलनं एक फूट बाय एक फूट असे दोन चौकोन आखले. एक चौकोन तसाच ठेवला. दुसरा १२० आणि मग १८० नंबरनं घासायला लावला, धूळ ओल्या फडक्यानं पुसली, वाळू दिला. मग टोपणानं मोजून मोजून, बोटभर कापडानं चोळत, ओलेपणा सारखा दिसेपर्यंत स्टेन घातला. पहिल्या चौकोनानं दोन टोपणं प्यायली : वीस मिलिलिटर. दुसऱ्यानं चौदा.

डब्यावरचा आकडा एका चौरस फुटाला साडेनऊच्या आत सांगत होता.

टोपण या मापाचं मला का कुणास ठाऊक इतकं बरं वाटलं. आमच्या शेतात फवारणीच्या पंपाला औषध टोपणानंच घालतात. एका पंपाला दोन टोपणं, तीन टोपणं, असं मामा बोलतो, आणि एकरी किती पंप लागतात ते त्याला तोंडपाठ असतं. म्हणजे एका छोट्या तुकड्यावर करून पाहायचं आणि मग गुणायचं, ही रीत आमच्या घरात पहिल्यापासून होती. मीच ती शाळेत जाऊन विसरले.

यानंतर सगळं परत घासावं लागलं. तीन दिवस. मिस्त्री मजुरी घेऊन मदतीला बसले, म्हणजे वाचवलेली मजुरी गेलीच. बाभूळ कमी पिते, सागवान जास्त, पण गोल दांड्यांवरून ओघळून वाया जातं, तेव्हा सगळीकडं चौदाच धरा, असं ते म्हणाले. त्रेचाळीस गुणिले चौदा, सहाशे दोन. लिटरचा एकच डबा आणला आणि शिल्लक राहिलेल्या दुसऱ्या डब्यातला स्टेनही त्यातच ओतून एका मोठ्या भांड्यात एकजीव केला, म्हणजे रंगात फरक राहायचा प्रश्नच मिटला. हे एवढं साधं आहे. रंग मिसळायचा असेल तर सगळा आधीच एका भांड्यात मिसळायचा, आणि थांबायचंच असेल तर फळीच्या कडेला किंवा जोडावर थांबायचं, मधे नाही.

स्टेन यावेळी सारखा बसला. एक जागा सोडून. दुसऱ्या फळीवर, दार उभं असताना खांद्याच्या उंचीवर येईल अशी तळहाताएवढी जागा उजळच राहिली. घासली, थिनरनं पुसली, परत लावला. तिथं रंग धरेना. मिस्त्रींनी बोट फिरवून पाहिलं. “तेल मुरलंय. रोज हात लागायची जागा असंल.” आजी अंगणातून आत येताना दार तिथंच ढकलायची. हाताला बहुधा तेल असायचं, तिच्या केसांचं नाहीतर दिव्याचं. मी ते पुढं घासलं नाही.

आता वरचं पॉलिश. माझ्या मनात लाखेचं पॉलिश होतं. मिस्त्री लहानपणी त्यांच्या उस्तादाकडं तेच शिकले : पाव किलो चपडा लाख, एक लिटर स्पिरिट, रात्रभर भिजवून सकाळी गाळायचं, मग सुती कापडाच्या पोटलीत कापूस घालून गोल गोल घासत थर चढवायचे. त्यात अंदाजाची धास्ती नाही, कारण पुढचा थर मागचा थोडा विरघळवून त्यात मिसळतो, म्हणून संपलं तर अजून लाख भिजवायची. लाख हे किड्यांनी पळसाच्या, कुसुमाच्या, बोरीच्या फांद्यांवर तयार केलेलं राळेसारखं काहीतरी, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्याचं पाणी माझ्या दारावर चढेल असं कधी वाटलं नव्हतं. पण व्हरांडा उघडा, पावसाची झड येते, शिवाय आमच्याकडं गरम चहाचा कप जिथं जागा दिसेल तिथं ठेवायची पद्धत. लाखेवर त्याचे पांढरे गोल उमटतात. म्हणून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, घ्यायचं ठरलं.

इथं मला स्वतःचं गणित करायची परवानगी मिळाली. टोपणाचा प्रयोग परत केला, यावेळी स्टेन लावलेल्या चौकोनावर. पहिला हात अकरा मिलिलिटर, दुसरा नऊ, तिसरा आठ. पहिल्या थरानं नळ्यांची तोंडं बुजली की पुढचे थर वर राहतात, आणि तेव्हा कुठं डब्यावरच्या आकड्याच्या जवळ आपण जातो. एकूण अठ्ठावीस, गुणिले त्रेचाळीस, १२०४. वाया जाणाऱ्याचे दहा-पंधरा टक्के वर. म्हणजे चौदाशेच्या आत. दोन लिटर आणलं, छाती पुढं काढून.

पीयूचे दोन डबे येतात, एकात मूळ पॉलिश आणि दुसऱ्यात हार्डनर, आणि लावताना डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळायचे असतात. मी संध्याकाळी एक अख्खा लिटर मिसळला. एकजीव करायचं असतं ना, आताच तर शिकले होते! पहिला हात मारला, पावणेपाचशेच्या आसपास गेलं. उरलेल्यावर झाकण घट्ट लावून झोपले. सकाळी झाकण उघडलं तर आत खरवस. चमचा उभा राहील असा, थरथरणारा, पारदर्शक खरवस. हार्डनर मिसळला की डबा बंद असो की उघडा, आत तो गोठायला लागतो, आणि मेच्या उकाड्यात जास्तच लवकर. काही तासांत वापरून होईल तेवढंच मिसळायचं. एकजीव करायचं ते रंगाचं, याचं नाही. पुढच्या वेळी दुकानात गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, “मॅडम, चौरंग झाला का?”

अजून एक सांगते, कारण यात माझं घर जळलं असतं. स्टेनमध्ये भिजलेली कापडं मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात गोळा करून टाकत होते. मिस्त्रींनी ती पाहिली आणि एकही शब्द न बोलता पाण्याच्या बादलीत बुडवली. अशा तेलकट स्टेनमध्ये जवसासारखं वाळणारं तेल असतं. तेच, ज्या जवसाची चटणी आपण ज्वारीच्या भाकरीबरोबर खातो. ते तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, आणि घेताना तापतं. कापड पसरलेलं असेल तर ऊब निघून जाते. बोळा करून टाकलं तर आतल्या आत साठते आणि काडीपेटी न लावता पेट घेऊ शकते. आमच्याकडं बेचाळीस अंशांची दुपार होती. मिस्त्री म्हणाले, कापडं दोरीवर एकेक पसरून वाळवायची, नाहीतर पाण्यात. त्यानंतर आठ दिवस आमच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी तपकिरी फडकी फडफडत होती, आणि शेजारच्या काकूंनी विचारलं, रंगपंचमी उशिरा केली का.

तिन्ही हात पूर्ण झाले. प्रत्येक दोन हातांमधे ३२० नंबरनं हलकं घासून, धूळ पुसून. फळीचं अंग दिसलं, रेषा दिसल्या, खिळ्यांची भोकं दिसली. पुढं शाळा सुरू झाल्यावर वर्गाची सहल तेरला नेली होती. तिथं लामतुरे संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची जुनी कोरीव लाकडी चौकट आहे. पूर्वी मी तिच्यासमोरून पोरांना घाईघाईनं पुढं न्यायचे. या वेळी मी तिच्यासमोर उभी राहून नक्षीच्या आतल्या-बाहेरच्या कडांचं पृष्ठफळ कसं काढायचं याचा विचार करत होते, आणि एक पोरगी मला म्हणत होती, “मॅडम, बस सुटायलीय.”

बंगई टांगली. मामा बघायला आला. एसटीनं आला, धोतराचा सोगा सावरून बसला, दोन झोके घेतले, बैठकीवरून हात फिरवला आणि उजळ जागेवर थांबला. काही म्हणाला नाही. मग त्याच्या स्वभावाप्रमाणं व्यवहाराचं बोलला.

“किती पॉलिश लागलं?”

“हिशोबानं चौदाशे मिली. पण मामा, वाया गेलेलं धरलं तर…”

“वाया गेलेलं बी धरायचं की.” त्यानं अजून एक झोका घेतला. “आन घर किती खणांचं म्हणून सांगतीस लोकांना?”

“सात.”

“नऊ,” मामा म्हणाला. “दोन खण गुरांचे. ते कुनीच मोजत न्हाई.”